इळयराजातला बाख व्हायोलिनमध्ये शोधू नका, खाली बेसमध्ये बघा

परवा एका मित्राकडे जेवायला जमलो होतो, तमिळ सिनेमाचा संगीतकार इळयराजा याचा विषय निघाला (माझ्यासमोर निघतोच, कारण मीच काढतो) आणि एकजण म्हणाला, अरे तो म्हणजे आपला बाख, काय ती व्हायोलिन्स असतात त्याच्या गाण्यात! मी तेव्हा काही बोललो नाही कारण ताटं वाढलेली होती आणि मटण गार झालं असतं. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हे लिहायला बसलोय, लांबणार आहे, आधीच सांगतो.

तर इळयराजात बाख, म्हणजे तो जुना जर्मन संगीतकार, आहे, भरपूर आहे, पण लोक जिथे बोट दाखवतात तिथे नाही. व्हायोलिन्सचा ताफा म्हणजे बरोक नव्हे. चाळीस व्हायोलिन्स एकदम उसासा टाकतात ना, हिरो-हिरॉईन डोंगरावरून पळत येताना, ते प्रकरण एकोणिसाव्या शतकातलं, हॉलिवूडमार्गे आपल्याकडे आलेलं. बरोक म्हणजे युरोपातल्या संगीताचा साधारण १६०० ते १७५० हा काळ. बाख गेला १७५० मध्ये आणि इतिहासवाल्यांनी तिथेच शटर ओढलं. आणि त्या दीडशे वर्षांतल्या संगीताचा कणा कुठे असेल तर तो खाली आहे, बेसमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांच्या ओळीत. तेव्हाची पद्धतच अशी होती की वरची चाल लिहायची, खालची बेसची ओळ लिहायची, बेसच्या सुरांखाली आकडे टाकायचे आणि मधली भर हार्प्सिकॉर्ड किंवा ऑर्गन वाजवणाऱ्याने ते आकडे बघून स्वतः घालायची. म्हणजे घराचं छप्पर ठरलं, पाया ठरला, मधल्या भिंती तू बघ बाबा.

आता मला बेसचा एवढा पुळका का, तर मी कॉलेजात असताना आणि नंतरची पाचेक वर्षं गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. बेसवाला म्हणजे लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धवट दिसणारा काका. गेला तर कुणाला कळत नाही, पण फोटो थोडा रिकामा वाटतो. आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॉर्डचा (म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा) सा दाबायचा, कंटाळा आला तर पंचम, जास्त शहाणपणा करायचा नाही, ढोलकीला जागा दे. पाच वर्षं मी सा-प-सा-प केलं. हात झोपेतही चालायचे.

त्याच्या आधीची गोष्ट म्हणजे लहानपण माटुंग्यात गेलं. समोरच्या घरात तमिळ कुटुंब, सकाळी मामींकडे सुप्रभातम्, आणि संध्याकाळी मामी देवळात गेल्या की त्यांचा मोठा मुलगा, ज्याला आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, तो टेपरेकॉर्डरवर इळयराजा लावायचा. मला एक अक्षर कळायचं नाही. पण एक गोष्ट तेव्हाही जाणवायची, की ही गाणी भिंतीपलीकडून ऐकली तरी गाणीच वाटतात. भिंतीतून काय येतं? गायक येत नाही, शब्द येत नाहीत, येतो फक्त बेस. आणि तो बेस धप-धप नव्हता, तो कुठेतरी चालत निघालेला असायचा, वळायचा, थांबायचा, परत यायचा. मला बारा-तेराव्या वर्षी हे शब्दात सांगता आलं नसतं, पण बहुतेक त्या भिंतीनेच मला बेसवाला केलं.

ज्यांनी तमिळ काहीच ऐकलं नाही त्यांच्यासाठी घरचं उदाहरण घेतो. ‘सदमा’ (१९८३) मधलं ‘ऐ ज़िंदगी गले लगा ले’, आपल्या कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांनी गायलेलं. चाल मूळची तमिळ, मग ‘ओळंगळ’ या मल्याळम पिक्चरमध्ये आली, मग हिंदीत, आणि पुढे २००९ मध्ये ‘पा’ मध्येही परत वापरली, पण ते असो. हे गाणं एकदा वाडकरांकडे पूर्ण दुर्लक्ष करून ऐका (माफी मागून). खाली बेस काय करतोय फक्त ते ऐका. तो गायकाला टेकू देत नाहीये, त्याला स्वतःचं काहीतरी म्हणायचंय. किंवा आयडियाची ती जुनी जाहिरात आठवा, ती धून ‘पल्लवी अनुपल्लवी’ या १९८३ च्या कन्नड पिक्चरमधली इळयराजाची. आपण सगळ्यांनी ती वर्षानुवर्षं फोनवर ऐकली, संगीतकार कोण ते माहीत नसताना.

आता मुख्य मुद्दा, काउंटरपॉइंट. हा शब्द लोक फार सैल वापरतात. आपल्याकडे जुगलबंदी आहे, लावणीत सवाल-जवाब आहेत, पण तिथे एकजण बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, किमान ऐकल्याचं नाटक तरी करतो. काउंटरपॉइंटमध्ये दोघं एकाच वेळी बोलतात, दोघांचं म्हणणं वेगळं, दोघांचं स्वतंत्रपणे अर्थपूर्ण, आणि तरीही एकमेकांच्या पायात पाय येत नाही. वारीत दोन दिंड्या शेजारी आल्या आणि दोन वेगळे अभंग कानावर आदळले तर तो काउंटरपॉइंट नाही, तो गोंधळ, भक्तीचा असला तरी. पण त्या दोन अभंगांच्या चाली कुणी आधीच अशा बांधल्या असत्या की एकत्र गायल्यावर तिसरंच काहीतरी तयार व्हावं, तर बाखला आनंद झाला असता.

इळयराजाने हे कुठे केलं बघा. १९७८ चा ‘चिट्टुकुरुवी’ नावाचा पिक्चर, गाणं ‘एन कण्मणी’, गायक एसपीबी (एस. पी. बालसुब्रह्मण्यम) आणि पी. सुशीला. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरं त्यावर चढतं, ओळी एकमेकींत गुंफत जातात, शब्दसुद्धा असे लिहिलेत की त्या गुंफण्यातून अर्थ निघावा. आणि हे सगळं कुठे, तर बसमध्ये! मध्येच कंडक्टर ओरडतो, तेनांपेट सुपरमार्केट, उतरा. म्हणजे बाखच्या लाइपझिगच्या चर्चमधली कारागिरी मद्रासच्या सिटी बसमध्ये उभ्याने प्रवास करतेय आणि कुणाला पत्ताही नाही. मला हे ग्रेट वाटतं. व्याकरण दाखवायला केलेलं नाही, प्रेमगीत आहे, लोकांनी प्रेमगीत म्हणूनच गुणगुणलं. पुढे १९८५ मध्ये ‘पगल निलवू’ मध्ये, म्हणजे मणिरत्नमचा पहिला तमिळ पिक्चर, ‘पू मालैये’ मध्ये इळयराजा स्वतः आणि एस. जानकी असेच एकमेकांवरून धावतात. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं टेप खराब झाली.

हा माणूस आला कुठून हेही बघायला पाहिजे. पण्णैपुरम, तमिळनाडूतलं खेडं, जन्म १९४३. थोरला भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या स्टेजवर गाणारा, हे भाऊ-भाऊ पेटी घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचे. आपल्याकडच्या अमर शेख-अण्णाभाऊंच्या कलापथकासारखंच समजा. हा पोरगा साठच्या दशकाच्या शेवटी मद्रासला येतो, धनराज मास्टरांकडे वेस्टर्न स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पद्धत) शिकतो, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची क्लासिकल गिटारची परीक्षा देऊन सुवर्णपदक मिळवतो, सलिल चौधरींकडे गिटार वाजवतो, संगीतकार जी. के. वेंकटेशांचा असिस्टंट होतो. १९७६ मध्ये पहिला पिक्चर ‘अन्नकिळी’, आणि १९८० मध्ये ‘मूडु पनी’ हा शंभरावा. चार वर्षांत शंभर!! आमच्या सोसायटीचं पेंटिंगचं काम चार वर्षांत झालं नाही.

खरी अडचण कुठे असते ते सांगतो, इथे थोडं किचकट होईल. आपला राग म्हणजे एक रेघ. खाली तानपुऱ्याचा सा हलत नाही, म्हणून वरच्या सुराचा अर्थ पक्का. कोमल गंधार म्हणजे कोमल गंधार. आता खालचा सूर हलवायला लागलात की वरच्या त्याच सुराचा रंग बदलतो. म्हणजे गायकाने पंचम धरलाय, खाली बेस सा वर आहे तोवर तो पंचम घट्ट, स्थिर. बेस सरकून कोमल गंधारावर गेला की तोच पंचम गोड होतो, मध्यमावर गेला की टांगल्यासारखा वाटतो, कुठेतरी उतरावं म्हणतो. सूर तोच. एकच माणूस आईशेजारी उभा असला की वेगळा दिसतो आणि बॉसशेजारी वेगळा, तसं. बरोकवाल्यांना हा टांगलेला सूर फार प्रिय, वरचा सूर धरून ठेवायचा, खालची जमीन सरकवायची, एक क्षण टोचू द्यायचं आणि मग हळूच उतरवायचा. दुःखाची गाणी बांधायचं तर त्यांचं ठरलेलं होतं, बेस पायरी पायरीने खाली, सा, कोमल नी, कोमल ध, प. घरी पेटी असेल तर डाव्या हाताने वाजवून बघा, आपोआप गळा भरून येतो.

पण रागाचं काय? बाहेरचा सूर कॉर्डमध्ये घुसला की राग मेला, आणि नुसताच राग सांभाळला तर हार्मनी लंगडी. इळयराजाची हुशारी मला इथे दिसते. तो बेसला बऱ्याचदा रागाच्याच सुरांवरून चालवतो, म्हणजे गायक रागात, बेसही रागात, फक्त दोघं वेगवेगळ्या ठिकाणी उभे. आणि काही राग तर जणू यासाठीच जन्माला आलेत. कीरवाणी घ्या. सा रे कोमल ग, म प, कोमल ध, शुद्ध नी. हीच पाश्चात्त्यांची हार्मोनिक मायनर नावाची सुरावट. तिथे पंचमावरची कॉर्ड रागाबाहेर न जाता मिळते कारण शुद्ध नी रागातच आहे, तो नी वरच्या सा कडे ओढतो, बाख खूश, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराजही खूश. इळयराजाचं १९८५ चं एक गाणं तर सुरूच ‘कीरवाणी’ या शब्दाने होतं, उघड उघड सही केल्यासारखं. कल्याणी, म्हणजे आपल्या यमनचे सूर, तिथे तीव्र मध्यमामुळे नेहमीची मध्यमावरची कॉर्ड मिळत नाही, तिथे दुसरे रस्ते काढावे लागतात आणि तो काढतो.

मग १९८६ ची ती प्रसिद्ध कॅसेट, ‘हाऊ टू नेम इट’. त्यागराज आणि बाख दोघांना अर्पण केलेली. व्ही. एस. नरसिंहन यांचं व्हायोलिन. त्यात एक तुकडा आहे, नावच असं की बाख माझ्या घरी भेटला, त्यात बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या तिसऱ्या पार्टिटाचा (तुकड्यांच्या मालिकेचा) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, येतो आणि त्यासोबत आपलं व्हायोलिन दुसरंच काहीतरी म्हणायला लागतं. पुढच्या तुकड्याचं नाव ‘आणि आम्ही गप्पा मारल्या’. कुणीही इळयराजा आणि बाख म्हटलं की हीच कॅसेट पुढे करतात. आता शिव्या खायची तयारी ठेवून सांगतो, मला त्याच्या कामातला हा सगळ्यात कमी बरोक भाग वाटतो. सुंदर आहे, वादच नाही, नरसिंहन तर काय वाजवतात. पण तिथे शिवण दिसते. हा बाख, हे आपलं, बघा कसं जुळलं. पाहुणा आला की आपण कसे चांगले कप काढतो तसं. ‘एन कण्मणी’ मध्ये पाहुणा नाहीये, तिथे बाख घरचा झालाय, बनियनवर बसलाय. (त्याच कॅसेटमधल्या एका तुकड्याचं नाव आहे ‘तुलना करू नका’. आपला बाख, आपला बाख करणाऱ्यांनी ते जरा मोठ्याने वाचावं.)

तरी तुलना करायचीच असेल तर मला चालीपेक्षा धंद्यातली करावीशी वाटते. बाख १७२३ मध्ये लाइपझिगला नोकरीला लागला आणि पहिली काही वर्षं जवळजवळ दर रविवारी नवीन कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायची वाद्यांसहची रचना. लिहा, पार्ट उतरवून घ्या, पोरांकडून बसवा, रविवारी गा, सोमवारी पुढचा. आज त्यातले दोनशेच्या आसपास हाताशी आहेत. तिकडे रविवारची प्रार्थना, इकडे शुक्रवारचा पिक्चर. ऐंशीच्या दशकात काही वर्षं इळयराजाने वर्षाला चाळीसहून जास्त पिक्चर केलेत. वाद्य हातात न घेता सरळ कागदावर सगळ्यांचे पार्ट लिहायचे, वादकांनी उतरवून घ्यायचे आणि त्याच दिवशी रेकॉर्डिंग. काउंटरपॉइंट हे घाईत कामाला येणारं व्याकरण आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. प्रेरणेची वाट बघायला वेळच नसतो, तेव्हा नियम हात धरून पुढे नेतात. आणि शशीधरनसारखा बेसवाला समोर बसलेला असला की लिहिणाऱ्यालाही खालच्या ओळीत जीव ओतावासा वाटत असणार, हा माझा बेसवाल्यांच्या बाजूचा पक्षपात आहे, मान्य.

कुणी म्हणेल आपल्याकडे हे नव्हतं का? होतं ना. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरं सॉल्फेज (सूर वाचून गायचं शिक्षण) आणि व्हायोलिन शिकली आणि मुंबईच्या स्टुडिओंत आली, सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे लिहिलेल्या, मुख्य चालीसोबत चालणाऱ्या त्या वेगळ्या चाली, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पण तिथे बहुतेक वेळा चाल एकाची आणि मागचं दुसऱ्याचं. इळयराजात दोन्ही एकाच डोक्यातून, एकाच कागदावर येतं. ‘दळपती’ (१९९१) ची गाणी त्याने मुंबईत येऊन रेकॉर्ड केली, ‘रक्कम्मा’ मधली ती तुटून पडणारी व्हायोलिन्स इथल्याच वादकांची. अजय-अतुल त्याला गुरुस्थानी मानतात हे तर त्यांनीच अनेकदा सांगितलंय. ‘सैराट’ चं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला झालं त्याची आपण खूप चर्चा केली, पण त्या स्ट्रिंग्ज पण्णैपुरमवरून गेल्यात हे कमी बोललो.

८ मार्च २०२५ ला लंडनला इळयराजाची सिंफनी (मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीची रचना) झाली, ‘व्हॅलियंट’. १९९३ मध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड केलेली आधीची कधी बाहेरच आली नाही, त्यामुळे या वेळी सगळे भावुक होते, मीही होतो. पण खरं सांगू, सिंफनीने तो मोठा झाला असं मला काही वाटलं नाही. तो बसमध्येच मोठा होता.

अण्णा आता साठीकडे आलाय, न्यू जर्सीला असतो. गेल्या महिन्यात माळ्यावरून माझी जुनी बेस काढली, तारा बदलल्या, बोटं पार बोथट झालीत. ‘मूडु पनी’ मधलं ‘एन इनिय पोन निलावे’ बसवत होतो, दोन रविवार गेले. मग अण्णाला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं ओळख. चाल नाही, शब्द नाहीत, गिटारही नाही, फक्त बेस, तोही माझ्या हातचा अडखळत. चौथ्या बारला (तालाच्या चौथ्या घराला) तो पलीकडून गायला लागला. मी वाजवत राहिलो, नेटमुळे तो अर्धा सेकंद मागे होता, पण थांबलो नाही दोघंही.