टोपण फेकू नका रे बाबा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आतेभाऊ दोह्याला निघाला होता, मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सोडायला गेलो. सामान देऊन झालं, हात हलवून झाले, आणि मी पार्किंगमधून गाडी काढतो न काढतो तोच याचा फोन. "दादा, तपासणीच्या जवानानं माझा डिओ ठेवून घेतला ना! अर्ध्याच्या वर संपलेला होता. म्हटलं, अजी साहेब, आतमध्ये ५० मिली बी नसेल. ऐकलंच नाही त्यानं."

ऐकणार कसा? डब्यावर १५० मिली छापलेलं. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरचा डबा चालत नाही, आणि मोजतात ती डब्याची मापं, आतलं उरलंसुरलं नाही. अशा सगळ्या लहान बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसायला पाहिजेत. मुंबई-पुण्याच्या फ्लाइटला पाण्याची बाटली आत जाते, म्हणून आपल्याला वाटतं सगळीकडे तसंच. ऑगस्ट २००६ मध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानात नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला, तेव्हापासूनची ही भानगड आहे. त्या जवानाशी भांडून काय होणार? मागची रांग तेवढी तुम्हाला शिव्या देते.

पण मला बोलायचंय ते दुसऱ्याच नियमावर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. स्प्रे चेक-इन बॅगेत टाकला की आपण मोकळे, असं समजतो आपण. तिथंही हिशेब आहे. अंगाला लावायचे आणि औषधाचे स्प्रे चालतात: एक डबा जास्तीत जास्त ५०० मिली, आणि परफ्यूम, डिओ सगळं मिळून माणशी दोन लिटर. अन् अट अशी की दाबायचं बटण चुकून दाबलं जाऊ नये, म्हणजे वर टोपण पाहिजे. आणि आपण टोपणाचं काय करतो? डबा आणला त्याच दिवशी कचऱ्यात!

लोक म्हणतात उंचावर डबा फुटतो. नाही फुटत हो. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब ठेवलेला असतो, आणि डब्याच्या आत मुळातच बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब. तो एवढ्या फरकाला भीक घालत नाही. शाम्पूची बाटली मात्र गळते, कारण तिच्यात अडकलेली हवा फुगते. स्प्रेची खरी भीती वेगळी. त्यात ढकलायला भरलेला गॅस बहुतेक वेळा ब्यूटेन-प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या सिलिंडरचाच भाऊबंद. तो बंद बॅगेत सुटला तर?

माझ्या बॅगेत सुटलाय, फेसाच्या रूपात. दाढीच्या फोमचा डबा, टोपण कधीच हरवलेलं, वर बुटाची टाच टेकलेली. बंगलोरला बॅग उघडली तर इस्त्रीचे तीन शर्ट, आईनं बांधून दिलेली सांडग्यांची पुडी, सगळं पांढरं. सांडगे धुऊन वाळवायचा सल्ला आईनं फोनवर दिला. मी टाकून दिले, तिला सांगितलं नाही.

डास किंवा झुरळं मारायचा स्प्रे मात्र हातातही नाही, सामानातही नाही. तो प्रसाधनात मोडत नाही, टोपण लावलं तरी. आणि एक नागपुरी सूचना: एअरपोर्टला जाताना वाटेत जेवायला थांबलात तर बॅग उन्हातल्या गाडीत ठेवू नका. डब्यावर ५० अंशांच्या वर तापवू नका असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात काचा बंद गाडी तेवढी तापायला वेळ लागत नाही.

माझं मत विचाराल तर हातातल्या बॅगेत लहान रोल-ऑन न्या, घरचे मोठे डबे घरीच राहू द्या. न्यायचेच असतील तर टोपण जपा. मी आता जपतो. बेसिनखालच्या डब्यात अकरा टोपणं जमलीत. काल बायकोनं विचारलं, "काहून जमा करून राहिले हे?" तिला दाखवायला म्हणून नव्या डिओवर एकेक लावून पाहिलं. अकरापैकी एकही बसलं नाही.