उजवा डोळा

फोटोला गंज चढत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने हे वाक्य बाथरूमच्या आरशावर लिहून ठेवावं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून आज माझ्या दारात १९५७ची शेव्हरोले बेल एअर आहे.

दोन दारांची, बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेली. मागे दोन टोकदार पंख, बॉनेटवर क्रोमची दोन रॉकेटं. अमेरिकेतल्या विकणाऱ्याने बावीस फोटो पाठवले होते आणि बावीसही मावळतीच्या उन्हातले. त्या उन्हात गंजसुद्धा सोन्यासारखा दिसतो. मीटरवर चौतीस हजार मैल. आकडा खोटा नव्हता. फक्त त्या मीटरला घरं पाचच असतात, लाख मैल झाले की पुन्हा शून्यापासून पाढे सुरू, हे मला गाडी बोटीवर चढल्यानंतर कळलं. म्हणजे चौतीस हजार, एक लाख चौतीस हजार की दोन लाख चौतीस हजार, ते तिचं तिला ठाऊक. विचारलं तर ती खोकते.

मी राहतो तो देश अमेरिका नव्हे. इथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि हिचं स्टिअरिंगही डावीकडेच आहे. एवढं नुसतं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

चाळीस फुटी कंटेनर आतून २.३५ मीटर रुंद असतो आणि गाडी १.८८ मीटर. आत दार उघडायला जागाच नाही. बंदरावरचा माणूस खिडकीतून पाय घालून आत शिरला, बराच वेळ कसलीशी खुडबुड केली आणि डोकं बाहेर काढून म्हणाला, "ढकला." विकणाऱ्याने 'चालते' असं लिहिलं होतं. चौघांनी ढकलल्यावर चाललीच की.

घरी आल्यावर मी फ्रिजवरून विजेचं बिल धरून ठेवणारा लोहचुंबक काढला. ही जुन्या गाड्यांची नाडीपरीक्षा. पत्र्याला चुंबक चिकटतो; लांबीला, म्हणजे गंजाची भोकं बुजवून वरून रंग फासायच्या पुट्टीला, चिकटत नाही. बॉनेटवर छान बसला. दारावर बसला. हेडलाइटच्या वरच्या भुवईवर ठेवला आणि तो सरळ खाली पडला. टक्. दाराखालच्या पट्टीवर ठेवला. टक्. मागच्या चाकाच्या कमानीवर नुसता टेकवला तर रंगाचा पापुद्राही सोबत घेऊन उतरला. मी गुडघ्यांवर बसून गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होतो आणि दर दोन हातांवर टक्, टक् चाललं होतं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"काय निघालं?"

"लांबी."

"किती?"

"पाच मीटर आठ सेंटिमीटर," मी म्हणालो. म्हटलं तर दोन्ही अर्थांनी ते खरंच होतं.

गॅरेज बरोब्बर पाच मीटरचं आहे. उरलेल्या आठ सेंटिमीटरांसाठी वर्षभर दार उघडं राहिलं. शेजारच्या मांजराने मागची सीट बाळंतपणासाठी घेतली, त्याबद्दल इथे काही बोलत नाही.

नोंदणीच्या कचेरीत तर खरोखरीच गाडं अडलं. हिचा चेसिस नंबर अकराच अक्षरांचा. व्ही म्हणजे व्ही-आठ इंजिन, सी म्हणजे बेल एअर, मग ५७ साल, एफ म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंटचा कारखाना आणि पुढे सहा आकडे. वाचायला किती सुटसुटीत! पण कचेरीच्या संगणकात चौकोन सतरा. सतरा अक्षरांची पद्धत अमेरिकेत १९८१मध्ये आली, हे मी खिडकीपलीकडच्या बाईंना अगदी नम्रपणे सांगितलं. त्या त्याहून नम्रपणे म्हणाल्या, "उरलेली सहा गाडीवर कुठेतरी असतीलच. नीट शोधा." आणि सांगायला लाज वाटते, पण मी खरोखर बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलो. अक्षरं सापडली नाहीत. तळाच्या पत्र्याला हाताएवढं भोक सापडलं आणि त्यातून आमच्या गॅरेजचा दिवा दिसला. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या एका गृहस्थांनी कुठलासा वेगळा फॉर्म काढून दोन मिनिटांत काम केलं. पहिल्या दिवशी ते रजेवर होते म्हणे.

मग नटबोल्ट. माझे पाने सगळे मिलिमीटरचे, गाडी सगळी इंचांची. अर्ध्या इंची नटावर तेराचा पाना बसतो. बसतो म्हणूनच घात होतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; मधला जो केसभर खेळ उरतो तेवढ्यात साठ वर्षं गंजलेल्या नटाच्या सहाही कडा आपण गुळगुळीत करून ठेवतो. मग तो नट कुठल्याच पान्याचा राहत नाही, फक्त छिन्नी-हातोड्याचा राहतो. इंची पाने मागवले ते आले, पण तोवर मी असे चौदा गोल नट जमवले होते.

सुटे भाग मात्र मिळतात, हे मान्य केलं पाहिजे. या गाडीवर अमेरिकेचा इतका जीव की रबराच्या पट्टीपासून आख्ख्या नव्या बॉडीपर्यंत सगळं आजही बनतं. फक्त ते समुद्रापलीकडे बनतं आणि चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला म्हणतात तो टपालखर्चाला तंतोतंत लागू पडतो. अशा वेळी मला क्यूबातलं हवाना आठवतं. तिथे याच वयाच्या अमेरिकन गाड्या टॅक्सी म्हणून रोज राबतात, लोक त्यांना अल्मेंद्रोन, म्हणजे मोठा बदाम म्हणतात. अमेरिकेतून सुटे भाग येणं बंद झालं तेव्हा त्यांनी हाताला येईल ते बसवलं, कित्येकांच्या पोटात डिझेल इंजिन घातलं. आणि मी इथे कॅटलॉग मांडीवर घेऊन एका वॉशरसाठी सहा आठवडे वाट बघतोय.

गॅरेजवाल्या पोराने गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून बिघाड वाचणारा स्कॅनर आणला होता. "वायर कुठे जोडायची?" त्याने विचारलं. मी बॉनेट उघडलं. तो खूप वेळ आत बघत राहिला, मग म्हणाला, "इंजिनाच्या बाजूने जमीन दिसते," आणि स्कॅनर पेटीत ठेवला. शेवटी एक निवृत्त मिस्त्री भेटले. त्यांनी प्लगच्या वायरी मी बसवलेल्या पाहिल्या नाहीत, नुसतं इंजिन ऐकलं. इंजिन लंगडत होतं आणि मधूनच कार्बोरेटरमधून लवंगी फुटत होती. "पाच आणि सात अदलाबदल," ते दुरूनच म्हणाले. बदलल्या. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं. (मागच्या सीटवरचं मांजर तेव्हा कायमचं गेलं.) १-८-४-३-६-५-७-२. स्वतःचा फोन नंबर विसरतो, पण आठ सिलिंडर पेटण्याचा हा क्रम झोपेतही सांगेन.

गाडी रस्त्यावर आली आणि खरी गंमत सुरू झाली. पेट्रोल पंपावरचा मुलगा नळी हातात घेऊन गाडीभोवती दोनदा फिरला. झाकण सापडेना. हिचं झाकण डाव्या पंखाच्या क्रोमच्या पट्टीमागे लपलेलं आहे. पट्टी दारासारखी उघडते. मी ती उघडून दाखवतो तेव्हा रांगेतले लोक टाळ्या वाजवतात, आणि मग तीन प्रश्न येतात. कुठल्या सालची? पेट्रोल किती पिते? विकायची का? तिसऱ्याचं उत्तर बायको देते. "कधी नेताय?"

आता उजवा डोळा. डावीकडे बसून, रस्त्याच्या डाव्या बाजूने जाताना समोर ट्रक असला की मला फक्त ट्रक दिसतो. समोरून काय येतंय ते उजवीकडे बसणाऱ्यालाच दिसतं. म्हणजे गाडी मी चालवतो, पण ओव्हरटेक बायको करते. "थांब. थांब. अजून एक बस आहे. आता... नको नको." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण तिच्या शब्दावर मी इतका अवलंबून कधीच नव्हतो. ब्रेकही बेताचेच, चारही चाकांना ड्रम. लागतात, पण आधी अर्ज करावा लागतो.

गेल्या महिन्यात घाटात पाऊस लागला. समोर दुधाचा टँकर, ताशी वीसच्या वेगाने. मी वायपर लावले. ते इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या जोरावर चालतात. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची ती ओढ कमी होते आणि वायपर जागच्या जागी थांबतात; पाय उचलला की पिसाळल्यासारखे फिरतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. हसूही आलं होतं.

"मोकळा आहे, आता जा!" बायको म्हणाली. मी पाय दाबला. वायपर काचेच्या मधोमध थबकले आणि काचेवरून पाण्याचा पडदा उतरला. आता तिलाही काही दिसेना.

"जाऊ?"

"कुठे?"

मी पाय उचलला. वायपर जिवाच्या आकांताने हलायला लागले. रस्ता लख्ख दिसला, आणि त्यावर समोरून येणारी एक बस. असं चारदा झालं. मग तिने खिडकीची काच उतरवली, अर्धी बाहेर वाकली आणि धूळ पुसायच्या फडक्याने तिच्या बाजूची काच पुसायला लागली.

शेवटी टँकरवाल्यालाच दया आली. त्याने गाडी कडेला घेतली, छत्री उघडून खाली उतरला आणि भिजणाऱ्या रॉकेटांवरून हात फिरवत म्हणाला, "सत्तावन्नची ना? विकायची का?"

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या कोपरातून पाणी गळत होतं, फडकं पिळायचं चाललं होतं.

"पाऊस थांबू दे, मग सांगते," ती म्हणाली, आणि पुन्हा काच पुसायला लागली.