‘थेरपी म्हणजे पैसेवाल्यांचं खूळ’ : त्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या थेरपीबद्दल, म्हणजे मनाच्या त्रासावर तज्ज्ञाशी बोलून घ्यायच्या उपचारांबद्दल, एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा : थेरपी म्हणजे पैसेवाल्यांचं खूळ. तासाला तीन हजार मोजा, वर्षानुवर्षं जात राहा, विम्यातून छदामही मिळत नाही, समोरच्याकडे डिग्री आहे की नाही कुणाला ठाऊक. त्यापेक्षा मित्राशी बोला. झोप उडालेल्या, आतून खचलेल्या माणसाने हे वाचलं आणि मदत मागायचीच राहून गेली, तर त्याचं फार मोठं नुकसान होतं. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

आधी ते तीन हजार. मुंबई-पुण्यात एवढी फी घेणारे आहेत, हे खरं. पण हजाराच्या आसपास घेणारेही आहेत, आणि बरेच थेरपिस्ट विद्यार्थ्यांसाठी, कमी पगारवाल्यांसाठी सवलतीच्या काही जागा राखून ठेवतात. हे बोर्डावर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. आणि आपलं घोडं तिथेच अडतं, कारण फीबद्दल बोलायची आपल्याला लाज वाटते. माझी भाची पहिला फोन करताना प्रश्न कागदावर लिहूनच बसली होती. फी किती? सेशन किती मिनिटांचं? ऐनवेळी रद्द केलं तर पैसे पडतात का? मराठीत बोललं तर चालेल ना? शेवटी धीर करून म्हणाली, “मॅडम, मला महिन्याला दोन हजारच जमतील. काही होऊ शकेल का?” पलीकडून उत्तर आलं, “पंधरा दिवसांनी एकदा येत जा, हजारात करू.” सगळीकडे असं होईलच असं नाही. पण नाही म्हणणाऱ्यालाही, “मग मला परवडेल असं कुणी सुचवाल का?” एवढं जरूर विचारा.

वर्षानुवर्षं जावं लागतं, हे सरसकट खरं नाही. चिंता, पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके), नैराश्य यांसाठी वापरली जाणारी सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी, साधारण १२ ते २० सेशनची असते. जुने आघात किंवा व्यसन असेल तर जास्त काळ लागतो. पहिल्याच भेटीत अंदाज विचारा, सहाव्या सेशनला आढावा घ्यायचं ठरवून टाका. आगाऊ दहा-वीस सेशनचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल, तर ते घेऊ नका.

विम्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच नीट समजून घ्यायला हवा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांच्या उपचारांसाठी शारीरिक आजारांसारखीच विम्याची सोय करायची आहे. पण नेहमीच्या पॉलिसीत खर्च मिळतो तो मुख्यतः ॲडमिट झाल्यावर. दर आठवड्याचं सेशन ओपीडीत धरलं जातं, त्यामुळे पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का, आणि त्यात समुपदेशन बसतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या. नोकरी करत असाल तर एचआरला विचारा. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना काही सेशन मोफत देतात, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं. क्लेमसाठी पावतीवर नाव, तारीख, शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक असू द्या.

डिग्रीची शंका मात्र रास्त आहे. काउन्सेलर असा बोर्ड लावणारे खूप आहेत, पण सगळ्यांकडे त्याचं शिक्षण असतंच असं नाही. थेरपी देणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. त्यांचा तिथला नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआरआर नंबर, मागा, यात कसलाही अपमान नाही. गोळ्या लिहून देण्याचं काम सायकियाट्रिस्टचं, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरचं, त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते.

राहिला मित्र. त्याच्याशी जरूर बोला. पण पॅनिक अटॅकवर उपचार करायचं प्रशिक्षण त्याच्याकडे नसतं, आणि तुमचं बोलणं गुप्त ठेवायचं व्यावसायिक बंधनही त्याच्यावर नसतं.

खाजगी फी कुठेच जमत नसेल, तरी दारं बंद नाहीत. मुंबईत केईएम, सायन, नायर, तसंच ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि जिल्हा रुग्णालयं इथे मोफत किंवा केसपेपरच्या किरकोळ पैशांत तपासणी होते. गर्दी असते, सकाळी लवकर जा. आणि जीव नकोसा झाला असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, मोफत, मराठीतही. किंवा घरातलं कुणीतरी सोबत घेऊन थेट जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठा.