चुंबक तापल्यावर काय?

शहरी ई-बसच्या कायम चुंबकी मोटरला स्थिर पॅरामीटरचं डी-क्यू मॉडेल (मोटरचे आकडे कायम धरून तिचा करंट डी आणि क्यू या दोन अक्षांवर मांडणारं गणित) पुरतं, हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. एका वेगाने धावणाऱ्या गाडीचं एक वेळ ठीक आहे. पण मे महिन्यात खचाखच भरलेली बस पुण्यात स्वारगेटहून कात्रजकडे चढावर, थांब्याथांब्याला थांबत नेणारी मोटर? निओडिमियम चुंबकाचा फ्लक्स (चुंबकी प्रवाह) दर अंशाला साधारण 0.1 टक्का घटतो आणि तांब्याचा रोध जवळपास 0.4 टक्के वाढतो. 100 अंशांची वाढ धरली तर त्याच टॉर्कसाठी (फिरवणाऱ्या जोरासाठी) करंट जास्त, रोधही जास्त, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढणार. मोटर आणखी तापते ती अशी.

मी टेस्ट बेंचवर काम करतो. थांब्यावरून बस सुटते तसा करंट एकदम चढवला की गाभ्याचं लोखंड संपृक्त होऊन (आणखी चुंबकत्व घेईनासं होऊन) एलक्यू, म्हणजे क्यू अक्षावरचा इंडक्टन्स, चांगलाच उतरतो. कंट्रोलर मात्र जुन्याच आकड्यावर करंटचा कोन (दोन अक्षांत करंट कसा वाटायचा ते) काढत बसतो, आणि मागितलेला टॉर्क शाफ्टवर भरत नाही. लेखकांनी करंट आणि तापमानानुसार फ्लक्सचे तक्ते घालून हीच ड्राइव्ह सायकल (वेग आणि थांब्यांचा क्रम) पुन्हा चालवावी, चढासकट. बॅटरीचा खर्च किती बदलतो ते वाचायला नक्की आवडेल.