फक्त दोन हजार अजून टाका

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे अपडेट बंद झाले. लोक हळहळत होते आणि मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. कारण आमचा घरचा लॅपटॉप २०१५चा, त्यात विंडोज ११ चढत नाही, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या आधीचा असला की मायक्रोसॉफ्ट त्याला दारातच उभं करतं. म्हणजे नवीन कॉम्प्युटर घ्यायला मला एकदम अधिकृत कारण मिळालं. बायकोला म्हणलं, सिक्युरिटीचा प्रश्न आहे, आपलं बँकेचं सगळं त्याच्यावर असतं. ती म्हणाली, "बँकेचं सगळं आपण फोनवर करतो." मग म्हणलं पोरीच्या अभ्यासाला लागेल. पोरगी दुसरीत आहे.

खरं कारण वेगळं होतं. २००४ साली डोंबिवलीत आमच्या घरामागे एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, तिथे मी व्हाईस सिटी नावाचा गेम खेळायचो. म्हणजे खेळायला बसायचो, कारण मिशन संपत आलं की कॅफेवाला मागून ओरडायचा, "सहा नंबर, टाइम झाला!" आणि पैसे नसायचे. तेव्हाच ठरवलं होतं की कमवायला लागलो की स्वतःचा गेमिंगवाला कॉम्प्युटर घ्यायचा. मग कमवायला लागलो, आणि पाठोपाठ होम लोन लागलं, साडेसाती लागावी तसं. आता वय ४२, चष्म्याला जवळचा नंबर आलाय, म्हणलं आता नाही तर कधीच नाही. बजेट ठरवलं ४५ हजार, मॉनिटरसकट. हा आकडा लक्षात ठेवा, मी तर विसरलो.

भाच्याला फोन लावला. तो पुण्यात अकरावीला आहे, पण कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं आणि मामाला काही कळत नाही हेही कळतं. मी सुरुवात केली, "अरे, मला एक चांगला सीपीयू घ्यायचाय." तो म्हणाला, "नुसता सीपीयू? बाकीचं आहे?" मी म्हणलं हो, जुना कीबोर्ड-माऊस आहे. पलीकडे शांतता. मग त्याने मला समजावलं की आपण सगळे गेली तीस वर्षं ज्या खोक्याला सीपीयू म्हणतोय तो सीपीयू नाहीये, ते कॅबिनेट आहे, सीपीयू म्हणजे आतला काडेपेटीएवढा प्रोसेसर. शाळेत कॉम्प्युटरच्या बाईंनीच आम्हाला खोक्याकडे बोट दाखवून सीपीयू शिकवला होता आणि त्यावर मला चार मार्क पण मिळाले होते, पण मी बोललो नाही.

त्याआधी मी माझ्या परीने रिसर्च केला होता बरं का. एक जाहिरात सापडली होती, 'आय सेव्हन, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी, फक्त १६,९९९.' मी ती भाच्याला अभिमानाने पाठवली, म्हणलं बघ, तुम्ही पोरं उगाच पैसे घालवता. तो म्हणाला, मामा, यातला प्रोसेसर आय सेव्हन २६०० आहे, २०११चा, तुझा लॅपटॉप याच्यापेक्षा तरुण आहे, आणि ते ग्राफिक्स कार्ड जीटी ७१०, त्याने फक्त पडदा उजळतो, गेम चालत नाही. मी म्हणलं पण आय सेव्हन हा आय थ्रीच्या वरचा ना? तर म्हणे जनरेशन बघायची असते, आजचा साधा आय थ्री याला आरामात मागे टाकतो. मग माझ्या डोक्यात पडला प्रकाश. रिटायर झालेला कलेक्टर आणि ड्युटीवर असलेला तलाठी, सातबाऱ्याचं काम कोण करून देणार? तलाठीच.

पुढची पायरी प्रोसेसरच्या नावांची. ही नावं कोणी ठेवली त्याला एकदा भेटायचंय. एएमडी कंपनीचे रायझन ५ ५६००, ५६००एक्स, ५६००जी, ५६००जीटी, हे चौघे वेगवेगळे. इंटेलमध्ये १२४०० आणि १२४००एफ. मला वाटलं एफ म्हणजे फास्ट असणार. भाचा म्हणाला, एफ म्हणजे ज्यात आतलं ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र काढायची सोय, नाही, तुला कार्ड घ्यायचंच आहे तर एफवाला घे, थोडे पैसे वाचतील. पैसे वाचतील एवढंच मी ऐकलं. आधीचं वाक्य कानावरून गेलं, आणि त्याची शिक्षा मला पुढे मिळाली, ती येईलच.

मग मी म्हणलं प्रोसेसर एकदम भारी घेऊ आणि कार्ड स्वस्तातलं. तर तो म्हणाला, बॉटलनेक होईल. हा शब्द त्या फोनवर त्याने अकरा वेळा वापरला. मी शेवटी माझ्या भाषेत करून घेतलं : प्रोसेसर म्हणजे आचारी, कार्ड म्हणजे वाढपी. आचारी कितीही चपळ असला आणि दोनशे पानांना वाढपी एकच असला तर लोक भाताची वाट बघत चटणीच चाटत बसणार. उलट वाढपी दहा आणि आतून वरणच येत नसेल तरी तेच. हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "हं, तसंच काहीतरी," आणि मग जड आवाजात, "म्हणून मामा, कार्डवर फक्त दोन हजार अजून टाक."

हे 'फक्त दोन हजार' इथे सुरू झालं. ४ जीबीचं कार्ड घेत होतो, तर फक्त थोडे अजून टाकले की ८ जीबीचं आरएक्स ६६०० येतं. (थोडे म्हणजे सात हजार.) ते पण २०२१चं. मी म्हणलं चार वर्षं जुनं कशाला, तर म्हणे तुझ्या बजेटमध्ये नवीन कुठून येणार. आय थ्रीवर दोन-तीन हजार टाकले की आय फाईव्ह. ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर तीन हजार टाकले की १६५ हर्ट्झचा. (हर्ट्झ म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते.) प्रत्येक वेळी पुढची पायरी एवढी जवळ दिसते की न चढणं म्हणजे मूर्खपणा वाटतो, आणि मागे वळून बघितलं की तळमजला दिसेनासा झालेला असतो. ऑफिसमध्ये विचारलं तर तीन जणांनी तीन मतं दिली, एक म्हणाला लॅपटॉपच घे, दुसरा म्हणाला कन्सोल घे, तिसरा म्हणाला या वयात गुडघ्याचा मेडिक्लेम घे.

शेवटी डिसेंबरच्या एका शनिवारी लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तसं विचारलंत तर ग्रँट रोड स्टेशनबाहेर कोणी रस्ता सांगणार नाही. अर्धा मुंबईचा इलेक्ट्रॉनिक माल तिथल्या त्या गाळ्यांत भरलेला, एका काउंटरवर चौघे दुकानदार आणि वीस गिऱ्हाईकं, सगळी विशीतली, सगळ्यांना नक्की काय पाहिजे ते पाठ. मी हातात वहीचा कागद घेऊन, लग्नाच्या किराण्याची यादी घेऊन आल्यासारखा. दुकानदाराने वर न बघता विचारलं, "बोलो साहब, बजट?"

मी म्हणलं पंचेचाळीस. त्याने वर बघितलं. पूर्ण चेहरा बघितला. मग एवढ्या हळुवारपणे "विथ मॉनिटर?" विचारलं की डॉक्टर 'बरोबर कोणी आलंय का' असं विचारतात तसं वाटलं.

रॅमची तर वेगळीच कथा. भाच्याने उन्हाळ्यात १६ जीबी साडेतीन हजारांच्या आत घेतली होती, मी तोच आकडा कागदावर लिहून नेलेला. दुकानदार म्हणाला, कोणत्या महिन्याचा भाव आहे हा? एआयवाल्यांनी डेटा सेंटरसाठी मेमरीच्या मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या, कंपन्या तिकडे वळल्या, आणि आपल्यासारख्यांच्या रॅमचे भाव दुप्पट-अडीचपट झाले. मी विचारलं आत्ता काय भाव, तर त्याने पोऱ्याला हाक मारली, "अरे, आज का रेट क्या है?" आजचा रेट! मी क्षणभर सराफाच्या दुकानात आलो की काय असं वाटलं. साडेआठ हजार. आणि वर म्हणतो, "साहब, सोमवार को और बढ़ेगा." बायकोच्या बांगड्या करताना पण हेच वाक्य ऐकलं होतं, आणि तेव्हाही खरंच वाढला होता. घेतली. त्यातही त्याला १६ची एकच कांडी द्यायची होती, पण भाच्याने बजावलं होतं की ८-८च्या दोन घे, दोन असल्या की ड्युअल चॅनल चालतं, नाहीतर एका बैलाने बैलगाडी ओढल्यासारखं होतं. (बैलगाडी माझी, त्याने काहीतरी बँडविड्थ म्हणलं होतं.)

एका ठिकाणी मात्र मी अक्कल वापरली. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस, म्हणजे आतल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा, फ्री मिळत होता. फ्री म्हणल्यावर हात आपोआप पुढे गेला होता, पण दुकानदार प्रामाणिक, त्याने तो फ्रीवाला माझ्या एका हातावर ठेवला आणि दुसऱ्या हातावर चार हजारांचा. फ्रीवाला रिकाम्या चिवड्याच्या डब्यासारखा हलका. दुसरा पाट्यावरवंट्यासारखा, हात खाली गेला. "जल गया तो साथ में बाकी सब लेके जाएगा," तो म्हणाला. खोक्यावर '८० प्लस ब्रॉन्झ' लिहिलेलं, मला वाटलं कुठल्यातरी स्पर्धेत तिसरा नंबर आलाय, पण ते वीज किती कमी वाया जाते त्याचं सर्टिफिकेट असतं. घेतला. मग "बिल चाहिए क्या?" बिल म्हणजे १८ टक्के जीएसटी, बिन-बिलाचं म्हणजे वॉरंटीला राम राम. तीन वर्षांच्या वॉरंटीपुढे मी नाईलाजाने प्रामाणिक नागरिक झालो. एकूण झाले ६८ हजार ४००. कुरिअरचे वाचवावेत म्हणून खोकी स्वतः न्यायची ठरवली, म्हणजे एवढ्या सगळ्यात वाचवले ते हेच.

टॅक्सीने सीएसएमटीला आलो, निदान बसायला तरी मिळेल म्हणून. कल्याण स्लोमध्ये कॅबिनेटचं खोकं मांडीवर, मॉनिटर पायात, बाकी वरच्या रॅकवर. शेजारच्या काकांनी विचारलं, टीव्ही का? ४२व्या वर्षी भर डब्यात 'गेम खेळायला' म्हणणं जमेना, म्हणलं ऑफिसचं आहे. समोरचा पोरगा इतका वेळ हेडफोन लावून बसलेला, त्याने एक हेडफोन काढला, "कार्ड कोणतं घेतलं?" आरएक्स ६६००. "किती पडलं?" सांगितलं. त्याने सहानुभूतीने मान हलवली, "अंकल, अजून थोडेच टाकले असते ना…" ठाणे गेलं, कळवा गेलं, तो बोलतच होता.

रविवारी जोडाजोडी. दुकानात हजार रुपयांत जोडून मिळत होतं, पण भाचा म्हणाला स्वतः केलं की मजा येते. प्रोसेसर बसवला, खटका दाबताना असा करकर आवाज येतो की पाठीतून कळ जाते, पण तो तसाच येतो म्हणे. मग प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर, त्याचे चार कोपऱ्यांचे चार पाय दाबून बसवायचे, एक बसला की समोरचा निघतो, आणि खाली मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर सगळं बसतं ती पाटी, वाकताना दिसतो आणि आपण जे वाकवतोय त्याची किंमत आपल्याला पाठ असते. मग कॅबिनेटच्या बटणाच्या त्या वायरी, तांदळाच्या दाण्याएवढी टोकं, त्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. माझा चष्मा, आईचा चष्मा आणि फोनचा टॉर्च मिळून ते वाचलं. मागचा पत्रा आधी लावायचा असतो हे सगळं लावून झाल्यावर कळलं. परत काढलं.

रात्री साडेनऊला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, लाल, निळे, हिरवे. आई म्हणाली, "मखरासारखं दिसतंय गं." मॉनिटरवर मात्र काळोख, आणि मधोमध 'नो सिग्नल'. बंद केलं, चालू केलं. रॅम काढून पुसून लावली. बायको दारात उभी राहून काही बोलत नव्हती, हे न बोलणं सगळ्यात वाईट. दोन तास गेले. माझ्या डोळ्यांपुढे ६८ हजार ४०० हा आकडा नाचत होता. शेवटी भाच्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याने सगळं बघितलं आणि म्हणाला, मागून दाखव. मागून दाखवलं. "मामा, केबल कुठे लावलीयस?"

केबल मदरबोर्डाच्या भोकात लावली होती. कारण ते उघडं होतं. कार्डाच्या भोकावर प्लॅस्टिकची काळी टोपी होती, मला वाटलं ती वापरायची नसते म्हणून झाकून ठेवलीय. आणि माझा प्रोसेसर एफवाला, ज्याच्यात आतलं ग्राफिक्सच नाही, त्याच्या दारात उभा राहून मी दोन तास हाका मारत होतो. टोपी काढली, केबल खाली लावली, चित्र आलं. बायको फक्त "टोपी होय," एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली. घरात आता मला काही विसरलं की टोपी म्हणतात.

पुढचे तीन आठवडे मी गेम खेळलो आणि ऑफिसमध्ये, सोसायटीत, वाण्याकडे सगळीकडे सांगितलं की १६५ हर्ट्झ म्हणजे काय चीज असते, लोण्यासारखं चालतं, डोळ्यांना फरक जाणवतो, एकदा बघितलं की माणूस मागे जात नाही. मेडिक्लेमवाल्याला तर घरी बोलावून दाखवलं. मग नाताळच्या सुट्टीत भाचा आला, खुर्चीत बसला, माऊस गोल गोल फिरवला, आणि सेटिंग उघडून म्हणाला, "मामा, हे ६०वरच आहे अजून. विंडोजमध्ये बदलावं लागतं." त्याने दोन क्लिक केले, १६५ केलं, "आता बघ."

मी चष्मा पुसला. नीट बघितलं. जवळून बघितलं, लांबून बघितलं. मला काही म्हणजे काहीही फरक दिसला नाही.

"आईशप्पथ!" मी म्हणालो. तीन हजार टाकले होते, तेवढं तर म्हणायलाच हवं.