मामा म्हणतो, लपवायचंय काय?

मी गॉथेनबर्गला राहतो. इथे कुणाचंही नाव इंटरनेटवर टाकलं की पत्ता आणि वाढदिवस समोर येतो. करखात्याला विचारलं तर उत्पन्नाचा आकडाही मिळतो, कारण स्वीडनमध्ये तो सगळ्यांना खुला आहे. पहिल्याच वर्षी खालच्या मजल्यावरच्या आजी माझ्या वाढदिवसाला दालचिनीचा पाव घेऊन आल्या. मी तारीख कधी सांगितलीच नव्हती.

गंमत म्हणजे याच गावात मुलवाड ही व्हीपीएन कंपनी आहे. व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, म्हणजे तुम्ही काय बघता ते इंटरनेट देणाऱ्याला दिसत नाही. २००९ पासून दर एकच, महिन्याला ५ युरो. नाव नको, ईमेल नको. १६ आकडी नंबर मिळतो, तेवढीच तुमची ओळख. पाकिटात नोटा घालून पोस्टाने पाठवल्या तरी चालतं, आणि हे अशा देशात जिथे कॉफीवालाही रोख घेत नाही! १८ एप्रिल २०२३ ला पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. हवी असलेली माहिती कंपनी साठवतच नाही, म्हणून हात हलवत परतले.

आपल्याकडे सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ ला व्हीपीएन कंपन्यांसाठी उलटं फर्मान काढलं: ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, व्हीपीएन कशासाठी घेतलं, सगळं त्याने सेवा सोडल्यावरही ५ वर्षं जपून ठेवा. एक्सप्रेस, सर्फशार्क, नॉर्ड या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

सांगलीचा मामा म्हणाला, "बरं झालं. आपल्याला काय लपवायचंय? आणि तुझ्या स्वीडनमध्ये तर पगारही उघडा!"

मामा, पगार उघडा आहे, पण मी काल रात्री कुठल्या आजाराबद्दल वाचत होतो ते आजींना कळत नाही. मी कोण हे माहीत असणं वेगळं, मी काय वाचतो हे माहीत असणं वेगळं. आपल्याकडच्या वादात या दोन्हींची खिचडी होते. सायबर चोर पकडायला हवेत, कबूल. पण चोर दुसरीकडून व्हीपीएन घेईल, आणि साध्या माणसांच्या नोंदी तेवढ्या साठत राहतील, कधीतरी फुटायला.

बोलता बोलता कळलं, मामाच्या फोनवर नातवाने गेमसाठी टाकलेलं फुकट व्हीपीएन होतं. मी कपाळावर हात मारला. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो विकत घेतलं, त्यांचं व्हीपीएनही असंच फुकट होतं. लोक कुठली अ‍ॅप वापरतात हे फेसबुक त्यातून बघायचं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरमधून काढावं लागलं. व्हीपीएनने माणूस अदृश्य होत नाही. इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं, एवढंच. म्हणून मालक कोण, साठवतात काय आणि पोलीस आले तेव्हा काय झालं, हे मी आधी बघतो. यूट्यूबवरच्या जाहिरातीतली 'सत्तर टक्के सूट' नंतर.

मामाने ते अ‍ॅप काढलं. दुसरं घेतलं मात्र नाही. महिन्याला पाचशे रुपये, आणि त्याला घरच्या वायफायवर फक्त बातम्या वाचायच्या असतात. मीही आग्रह केला नाही.