आमचे पाच, तुमचे साडेनऊ

तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं, हे नारायण मूर्तींचं ऑक्टोबर २०२३ मधलं विधान काही केल्या जुनं होत नाही. अधूनमधून कुणीतरी त्यात भर घालतं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा ९० वर नेला, रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार असं विचारलं, आणि पुढचे कित्येक दिवस मीम्सना तोटा नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मूर्तींनी चीनच्या ९-९-६ चा दाखला दिला: सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. हीच पद्धत चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बेकायदा ठरवली होती, ही बारीकशी बाब मात्र फॉरवर्डमध्ये मागे राहिली.

मूळ मुलाखतीत मात्र जर्मनी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन आणि जपानी लोकांनी नेमकं हेच केलं, असा मूर्तींचा आधार होता. मी श्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करते. त्यामुळे हा विषय निघाला की नात्यागोत्यातून विचारणा ठरलेली. वडीलधारी मंडळी म्हणतात, जर्मनांनी राखेतून देश उभा केला आणि तुम्हाला शनिवार-रविवार सुट्टी हवी. माझ्या वयाची आणि धाकटी मंडळी म्हणतात, जर्मनीत पाचला लॅपटॉप मिटतात, तरी मर्सिडीज तेच बनवतात. दोन्ही बाजू एकाच देशाची शपथ घेऊन भांडतात. मला त्या दोघांचाही जर्मनी ओळखीचा वाटत नाही.

आधी राखेचं बघू. आठ तासांचा दिवस जर्मनीत १९१८ पासूनचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीच्या कारखान्यांत आठवडा सहा दिवसांचा आणि साधारण ४८ तासांचा होता. बॉम्बने पडलेल्या घरांचे ढिगारे उपसताना कुणी घड्याळ बघितलं नसेल, हे मान्य. पण ज्याला आर्थिक चमत्कार म्हणतात, त्या काळातला कामाचा आठवडा हा असा होता. आणि खरी गंमत पुढेच आहे. १ मे १९५६ ला तिथल्या कामगार महासंघाने एक पोस्टर काढलं. त्यावर एक लहान मुलगा आणि त्याच्या तोंडी वाक्य: शनिवारी बाबा माझे. त्याच वर्षी ब्रेमेनच्या करारात धातू उद्योगाचा आठवडा ४५ तासांवर आला, १९६७ मध्ये ४० वर. १९८४ मध्ये आमच्या याच भागात आयजी मेटाल या संघटनेने जवळपास सात आठवडे संप केला आणि १९९५ पासून पश्चिमेकडच्या धातू उद्योगात आठवडा ३५ तासांचा झाला. म्हणजे अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास वाढत होती, त्याच दशकात जर्मनांनी तास कमी करायला घेतले. १९४८ चं नवं चलन, अमेरिकेच्या मार्शल योजनेचा मदतीचा पैसा, १९५३ मध्ये लंडनच्या करारात निम्म्यावर आणलेलं परदेशी कर्ज, पूर्वेकडून आलेले सुमारे ८० लाख निर्वासित, नंतर इटली आणि तुर्कस्तानातून बोलावलेले कामगार, एवढं सगळं त्या चमत्कारात आहे. ७० तासांचा आठवडा काही मला सापडत नाही.

आपल्याकडचा रविवारही असाच कुणी आंदण दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ पासून तो मागितला आणि १८९० च्या जूनमध्ये मिळाला. सुब्रह्मण्यन यांच्या रविवारवर एवढे विनोद झाले, त्यात लोखंड्यांचं नाव घेणारी पोस्ट मला शोधूनच काढावी लागली.

आता पाचला मिटणारा लॅपटॉप. लिंक्डइनवर जर्मनीला आलेल्या आपल्याच लोकांनी याचं इतकं कौतुक केलंय, की वाटावं इथल्या पाण्यातच काहीतरी आहे. तसं काही नाही. इथल्या मॅनेजरलाही माणूस रात्री आठपर्यंत बसलेला आवडतो. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये, सल्लागार कंपन्यांत, इस्पितळांत लोक मान मोडून काम करतात. फरक आहे तो नोंदीत. १९९४ च्या कायद्याने दिवसाचे आठ तास ठरवून दिलेत. दहापर्यंत ताणता येतात, पण सहा महिन्यांत सरासरी पुन्हा आठवर यायला हवी. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती. आणि तास नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं केंद्रीय कामगार न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

कागदावरचं हे कामावर कसं दिसतं ते सांगते. आमच्याकडे तास भरायची एक साधी स्क्रीन आहे. दहा तासांच्या वर गेलं की त्या दिवसाची ओळ लाल होते आणि मेल मला जातो तसा माझ्या बॉसलाही जातो. एका रिलीजच्या आठवड्यात माझ्या ओळी लाल झाल्या, तेव्हा कामगार प्रतिनिधी मंडळातल्या एक बाई आमच्या मजल्यावर आल्या. माझ्याशी हसून बोलल्या आणि थेट बॉसच्या खोलीत गेल्या. खुलासा त्याला द्यायचा होता, मला नाही. हे मंडळ म्हणजे कंपनीने दिवाळीपुरती नेमलेली समिती नव्हे. पाच किंवा जास्त कर्मचारी असले की ते निवडायचा हक्क मिळतो, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवू शकेल असं कुठलंही सॉफ्टवेअर त्यांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. सगळं जग एआयच्या मागे धावत असताना आमच्याकडचा कोड लिहून देणारा सहायक कित्येक महिने अडकून पडला होता. कारण एवढंच, की कोण तो किती वापरतो हे मॅनेजरला दिसणार होतं. मीही तेव्हा वैतागले होते. पण अडवायची ताकद कुणाच्या तरी हातात आहे, हे त्यातूनच कळलं.

माझ्या मामाला हे समजावून सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्याने पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य काढलं, युनियनच्या करारावर घर बांधलं, ओव्हरटाइमचा दर दुप्पट की दीडपट यावर फाटकाशी सभा ऐकल्या. तो लगेच म्हणाला, म्हणजे तुमच्यात युनियनचा माणूस साहेबाच्या केबिनमध्ये जाऊ शकतो. त्याचा मुलगा हिंजवडीत आहे. त्याला हे अजून पटत नाही. युनियन शॉप फ्लोअरवाल्यांची, आपण प्रोफेशनल, असं त्याचं म्हणणं. एका घरात, एका पिढीत ही समज पुसली गेली, आणि ती पुसायला कुठला कायदा बदलावा लागला नाही. नुसतं इंजिनिअर हे पद पुरलं.

तर इथपर्यंत मी जर्मनीचीच बाजू घेतेय असं वाटेल. आता जरा अवघड भाग.

आमची रिलीजची बैठक गुरुवारी दुपारी चारला असते. हिवाळ्यात तेव्हा पुण्यात साडेआठ वाजलेले असतात. बैठक लांबून पाच झाले की मी स्क्रीनवर बाहेर पडल्याची नोंद करते, आणि पुण्यात साडेनऊ होतात. तिथला अर्धा चमू पुरवठादार कंपनीचा. त्यांचे तास आमच्या स्क्रीनवर येतच नाहीत, त्यामुळे त्यांची ओळ लाल व्हायचा प्रश्नच नाही. प्रतिनिधी मंडळातल्या बाई त्यांच्यासाठी कुणाच्या खोलीत जाऊ शकत नाहीत. रात्री काही बिघडलं, तर माझी ११ तासांची विश्रांती मोडू नये म्हणून तिकीट, म्हणजे दुरुस्तीची विनंती, पुण्याकडे वळवलं जातं. ही व्यवस्था नियोजनाच्या तक्त्यात चक्क लिहिलेली आहे. त्यांच्यातला एकजण गुरुवारी पाचलाच ऑफिस सोडतो. कामचुकार म्हणून नव्हे. सहाला निघाला तर बैठकीच्या वेळी वाकडच्या पुलाखाली असेल, म्हणून. कधीकधी तरीही असतोच. मग हॉर्नच्या आवाजात तो टेस्टचे निकाल सांगतो आणि माझे जर्मन सहकारी नम्रपणे म्हणतात, तुमचा आवाज तुटतोय.

म्हणून जर्मनीत तास कमी आणि उत्पादकता जास्त, हे वाक्य मला अर्धवट वाटतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या यादीत दरमाणशी वर्षाला सुमारे १,३४० तास असा जर्मनीचा आकडा तळाला आहे. त्याचं एक मोठं कारण म्हणजे इथल्या जवळपास निम्म्या नोकरदार बायका अर्धवेळ काम करतात. पण आमच्या प्रकल्पाचे साडेआठ ते साडेनऊ त्या आकड्यात कुठेच नाहीत. ते भारताच्या खात्यात पडतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीत भारताची सरासरी आठवड्याला ४७ तासांच्या आसपास आहे. मग कुणीतरी व्यासपीठावरून तरुण पुरेसं काम करत नाहीत म्हणतं, आणि इथे बसलेले आम्ही त्यांना काम आणि आयुष्य यांचा समतोल शिकवतो.

इथेही हा वाद नाही असं नाही. मे २०२५ मध्ये चान्सेलर फ्रीडरिश मेर्त्स म्हणाले, की चार दिवसांच्या आठवड्याने आणि वर्क-लाइफ बॅलन्सने या देशाची समृद्धी टिकणार नाही. फॅमिली ग्रुपवरचे काका जर्मनांनाही असतात. पण दुसऱ्या दिवशी भांडण लागलं ते कलमावर: दिवसाची मर्यादा काढून आठवड्याची ठेवायची की नाही. ते अजून संपलेलं नाही.

आपल्याकडे कलमावर भांडण लागत नाही, ही माझी तक्रार आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. म्हणजे ७० तासांचा सल्ला हा या कायद्याच्या चौकटीबाहेरचा सल्ला होता. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या हिशेबतपासणी कंपनीतली तरुण मुलगी गेली. कामाच्या ओझ्याने गेली असं तिच्या आईचं म्हणणं होतं, कंपनीने ते नाकारलं. आईचं पत्र देशभर फिरलं. त्यानंतर कामगार खात्याने तपासणी केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं की ते कार्यालय २००७ पासून या कायद्याखाली नोंदणीशिवायच चालू होतं. सतरा वर्षं. मर्यादा नऊची आहे की बाराची, हे विचारायला खात्याचं कुणी दारात गेलंच नव्हतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा आस्थापनांत नऊवरून दहा आणि कारखान्यांत नऊवरून बारा करायला मंजुरी दिली, तेव्हा ती बातमी माझ्या टाइमलाइनवर एक दिवसही टिकली नाही. बायकोकडे बघायचा विनोद आठवडाभर चालला होता.

सुप्रिया सुळेंनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा एकदा कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं विधेयक मांडलं. हेतू चांगला. पण ते खासगी, म्हणजे सरकारने नव्हे तर एका खासदाराने मांडलेलं विधेयक, आणि स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकंच कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यावर किती आशा ठेवायची ते ज्याचं त्याने ठरवावं. मला विचाराल तर साडेआठच्या कॉलवरचा उपाय क्लायंटशी होणाऱ्या करारात सापडेल. बैठकीच्या वेळा भारतीय वेळेने लिहा, सातनंतरच्या तासाला वेगळा दर लावा, आणि तो दर इंजिनिअरच्या पगारपत्रकात दिसू दे. क्लायंट पोलंडला जाईल, ही भीती मला पोकळ वाटते. पोलंडचं घड्याळ आमच्याशी जुळतंच. तरी काम पुण्याला गेलं ते दरामुळे, आणि तो दर थोडा वाढला तरी पोलंडच्या खालीच राहील.

शिवाय इथल्या बाजूने एक दार आहे. ते किती दिवस उघडं राहील सांगता येत नाही, कारण सरकारने ते लोटायला घेतलंय. २०२३ पासून लागू झालेल्या पुरवठासाखळी कायद्याने मोठ्या जर्मन कंपन्यांना पुरवठादारांकडच्या कामाच्या परिस्थितीकडे बघायला लावलं. कामाच्या वेळा आणि विश्रांती नीट न ठरवल्याने येणारा अतिरेकी शारीरिक-मानसिक थकवा त्यात शब्दांत नोंदलेला आहे. लोकांना आठवतात ते कापडगिरण्या आणि खाणी, पण सॉफ्टवेअरचा पुरवठादारही पुरवठादारच. त्याच्या कर्मचाऱ्यालाही जर्मन कंपनीच्या तक्रार यंत्रणेत लिहिता येतं, आणि नाव गुप्त ठेवण्याचं बंधन कंपनीवर आहे.

हे सगळं मी मामाच्या मुलाला लिहून पाठवलं. त्याचा क्लायंटही जर्मनच आहे. त्याने वाचलं, दोन शंका विचारल्या, दोन्ही रास्त होत्या. बारा जणांच्या टीममध्ये नाव गुप्त राहून राहून किती राहणार, ही त्यातली एक. मग रात्री त्याच्या घड्याळाने पावणेअकराला उत्तर आलं: "ताई, बघतो. आधी अप्रेझल होऊ दे."